शिष्यवृत्ती आणि संशोधनाची मुदत

शिक्षण आणि विकास यांवरील संशोधन कोणाच्या पैशावर उभे राहते, या प्रश्नाचे एक बोलके उत्तर बडोद्याच्या इतिहासात मिळते.

महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला. १९०६ मध्ये तो साऱ्या संस्थानात लागू झाला. याच संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी, अशा तिच्या अटी होत्या. गावची शाळा आणि परदेशातील प्रबंध, दोहोंचा भार एकाच खजिन्याने उचलला.

त्या प्रबंधाचा विषय ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्था हा होता. १८७० च्या मेयो योजनेने शिक्षण, पोलीस, रस्ते ही खाती ठरावीक अनुदानासह प्रांतांकडे सोपवली होती. म्हणजे शाळेचा खर्च कोणी उचलायचा, हाही प्रश्न या विषयाच्या पोटात होता. १९२५ मध्ये तो प्रबंध ग्रंथरूपाने निघाला तेव्हा बाबासाहेबांनी तो सयाजीरावांना अर्पण केला. पुढे १९२७ मध्ये मुंबई कायदेमंडळात त्यांनी आग्रह धरला, की अबकारी करातून लोकांकडून जेवढे घेतले जाते तेवढे तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च व्हावे. संशोधनावर घातलेला पैसा लोकांकडे परततो तो असा.

याच कथेची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये त्यांना लंडनचा अभ्यास अर्धवट सोडून परतावे लागले. तो पुन्हा सुरू झाला १९२० मध्ये, स्वतःची बचत, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्राची उसनवारी यांच्या बळावर. रक्कम संपली म्हणून विषय संपत नाही. तीन वर्षे मात्र जातात.

आज विद्यापीठ अनुदान आयोगाची कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती दरमहा ३७,००० आणि वरिष्ठ टप्प्यात ४२,००० रुपये आहे. दोन्ही मिळून मुदत पाच वर्षे. पीएच.डी.ला मात्र सहा वर्षांपर्यंत अवधी मिळतो. शाळांमध्ये क्षेत्रकार्य करणाऱ्याचे एक सत्र हुकले, की पुढच्या जूनपर्यंत थांबणे आले. म्हणून मार्गदर्शकांनी विषय ठरवतानाच विद्यार्थ्यासमोर दोन वेळापत्रके शेजारी शेजारी मांडावीत : एक कामाचे, दुसरे पैशाचे. आणि शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थांनी रकमेइतकाच मुदतीचा आणि वेळेवर मिळणाऱ्या हप्त्याचा विचार करावा. प्रबंध पुरा होणे पुष्कळदा त्यावरच अवलंबून असते.