मझौलीच्या शाळेने शिकवलेले

जबलपूर जिल्ह्यातल्या मझौली तहसिलीत सरकारी प्राथमिक शाळेत शिकवण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. तिथे जे कळले ते सांगते.

१. मूल पहिलीत येते सहाव्या वर्षी, पण घरचे शाळा ठरवतात तिसऱ्या वर्षी. खासगी शाळेत नर्सरी असते, आमच्याकडे पहिलीपासून वर्ग. शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के जागाही तिकडे नर्सरीपासून मिळतात आणि फी सरकार भरते. एप्रिलमध्ये आम्ही 'स्कूल चलें हम' या प्रवेश मोहिमेची फेरी काढतो तोवर निम्मी घरे ठरवून मोकळी झालेली असतात. पट वाढवायचा तर अंगणवाडीत येणाऱ्या आयांशी बोलावे.

२. पट घटला की शिक्षक जातो, आणि शिक्षक गेला की उरलेली मुलेही जातात. प्राथमिक शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१व्या मुलाला तिसरा, असे कायद्याचे गणित आहे. त्या काठावरचे एक मूल गेले की एक शिक्षक अतिरिक्त ठरतो. मग पाच इयत्ता दोघांनी ओढायच्या, आणि त्यातला एक मतदार यादीच्या कामाला. "मॅडम, शिकवायला आहे कोण?" असे एखाद्या बापाने विचारले, तर त्याला काय सांगणार? लहान शाळांना शिक्षक द्यायचे ते इयत्ता मोजून द्यावेत, असे माझे ठाम मत आहे.

३. हजेरी मटारावर चालते. आमच्या भागातला मटार दूरदूरच्या बाजारात जातो. थंडीत तोडणी लागली की मजूर आईबापांबरोबर मुलेही शेतात. थोरली बहीण धाकट्याला सांभाळत बांधावर बसते. अशा मुलांना रागावू नये आणि त्यांचे नाव तर पटावरून मुळीच काढू नये. त्या दिवसांत मी नवा धडा घेत नसे. परतलेल्यांना आधी वाचायला बसवत असे.

४. निकालाच्या टक्क्यांवर विसंबू नये. मध्य प्रदेशात पाचवी-आठवीची बोर्डाच्या धर्तीवर परीक्षा पुन्हा सुरू झाली. पण तिच्यात पास होणे म्हणजे वाचता येणे नव्हे. 'असर' २०२४च्या शिक्षण-पाहणीत देशभरातल्या ग्रामीण सरकारी शाळांतली पाचवीची जेमतेम ४५ टक्के मुले दुसरीचा उतारा वाचू शकली. २०२२पेक्षा हा आकडा बराच सुधारला आहे, हेही खरे.

आपल्या गावच्या सरकारी शाळेत एकदा जा. पाचवीतल्या मुलाला जवळ बसवून दुसरीचे पुस्तक वाचायला सांगा, आणि अडखळले तर शाळा समितीच्या पुढच्या बैठकीत तेवढाच विषय लावून धरा.