विमानाचे भय, रस्त्याचे का नाही?

१६ एप्रिल २०२५ रोजी बेलोऱ्याहून मुंबईचे विमान सुरू झाले. दोनच महिन्यांनी, १२ जूनला, अहमदाबादचा अपघात झाला. विमानातील २४२ पैकी २४१ आणि जमिनीवरचे १९ जण गेले. त्यानंतर एक गृहस्थ दवाखान्यात आले. मुलाने मुंबईचे तिकीट काढले होते, तेव्हापासून यांची झोप उडालेली. "पडलं तं काय करता जी?" हा त्यांचा प्रश्न. हेच गृहस्थ अमरावतीहून बडनेऱ्यापर्यंत मोटारसायकलवर आले होते. हेल्मेट घरी खुंटीला!

आता हिशेब पाहा. भारतात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. म्हणजे रोज सुमारे ४६०. पण ती जातात एकेक, दोनदोन करून, आणि बातमी येते आतल्या पानावर, चार ओळींची. विमान पडले की तेच चित्र आठवडाभर टीव्हीवर दिसते. आपले मन धोका आकड्यांवरून मोजत नाही, आठवणीवरून मोजते. जे चटकन डोळ्यांपुढे येते, तेच वारंवार घडते असे वाटू लागते. ट्वर्स्की आणि काहनेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ सालीच हे दाखवून दिले होते.

दुसरे कारण ताब्याचे. हँडल आपल्या हाती असले की धीर वाटतो. समोरून येणारा ट्रक मात्र दुसऱ्याच्या हाती असतो, हे सोयीस्करपणे विसरले जाते.

या भयाची किंमतही मोजावी लागते. ११ सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकेत अनेकांनी विमान सोडून मोटार धरली. गिगेरेंझर या जर्मन संशोधकाच्या हिशेबाप्रमाणे त्यामुळे वर्षभरात रस्त्यांवर सुमारे दीड हजार जादा बळी गेले.

अर्थात, नुसते "घाबरू नका" म्हटल्याने भीती जात नाही. भीतीने अॅड्रेनलिन वाढते, छाती धडधडते, श्वास भराभर चालतो. त्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होऊन हातांना मुंग्या येतात, गरगरते, आणि माणसाला हार्ट अटॅकच आला असे वाटते. अशा वेळी श्वास सावकाश घ्यावा, त्याहून सावकाश सोडावा. पंखांजवळची जागा मागावी, तेथे हेलकावे कमी जाणवतात. धीर यावा म्हणून दारू घेऊ नये. हृदयविकार असेल त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. भीती फारच असेल तर मानसोपचारतज्ज्ञ टप्प्याटप्प्याने ती घालवू शकतात.

गृहस्थांना आठवडाभर श्वासाचा सराव सांगितला आणि चिठ्ठीवर औषधाच्या जागी 'हेल्मेट' लिहून दिले. वाचून ते हसले, अन् उघड्या डोक्यानेच गाडीला किक मारली.