आधी इडली सांग, मग मेन्यूकार्ड बघ

अगं, मूल झालं म्हणून आता दोन-तीन वर्षं हॉटेलची पायरी चढायची नाही, असं ठरवून बसू नकोस. तुझ्या मनात काय चाललंय ते मला कळतंय. बाळ रडलं तर? पाणी सांडलं तर? शेजारच्या टेबलावरची माणसं वळून वळून बघायला लागली तर? शिवाय घरातलं कुणीतरी म्हणालेलं असतंच, "एवढ्याशा पोराला घेऊन हॉटेलात कशाला जायचं?" जायचं, कारण रोज सगळ्यांना वाढून मग गार पोळी खाणाऱ्या बाईला कधीतरी कुणीतरी गरम वाढायला हवं. एवढं कारण पुरे आहे.

खरं सांगू का, माझी पहिली चूक जागा निवडण्यातच झाली. मुलगी दीड वर्षाची होती. नवऱ्याचा वाढदिवस होता म्हणून मॉलमधल्या एका झकपक हॉटेलात रात्री नऊचं टेबल सांगून ठेवलं. मंद दिवे, कान फाटतील अशी गाणी आणि जेवण यायला पाऊण तास. नऊ ही तिची झोपायची वेळ. पोटात भूक, डोळ्यांत झोप. पहिली ताटली येईपर्यंत ती रडून लालेलाल झाली. मग मी तिला घेऊन बाहेर जिन्यापाशी उभी आणि नवरा आत जेवतोय, नंतर तो बाहेर आणि मी आत. वाढदिवसाचं जेवण आम्ही दोघांनी एकेकट्याने उरकलं. घरी येताना रिक्षात मला रडू आलं. वाटलं, आपल्याला मुलीला वळण लावता येत नाही. आता मागे वळून बघते तेव्हा कळतं, त्या पोरीचं काहीच चुकलं नव्हतं. आम्ही तिला चुकीच्या वेळी चुकीच्या ठिकाणी नेलं होतं.

पुढच्या वेळी मी हट्टाने मुलांसाठी खेळायची जागा असलेलं हॉटेल शोधलं. घसरगुंडी, रंगीत चेंडूंचा हौद, सगळं होतं. पण बघ, दोन वर्षांचं मूल तिथे एकटं सोडता येत नाही. सात-आठ वर्षांची मुलं धावत येतात, धक्का लागतो. म्हणजे आपल्यापैकी एकाने तिथेच उभं राहायचं. माझी मुलगी तिथून बाहेर यायला तयार होईना, टेबलावर आणल्यावर एक घास घेईना, आणि गाडीत बसल्यावर भुकेने कळवळली. मुलांच्या वेगळ्या मेन्यूत होतं काय, तर फ्राइज, नगेट्स आणि चीज घातलेला पास्ता. मूल पाच-सहा वर्षांचं झालं की अशी जागा जरूर शोध, तेव्हा ती खरंच उपयोगी पडते. त्याआधी हॉटेल निवडताना मी एकच गोष्ट बघते: ऑर्डर दिल्यापासून किती मिनिटांत खाणं समोर येतं.

आणि त्यात आपल्या उडुपी हॉटेलचा हात कुणी धरू शकत नाही. इडली वाफेवर तयारच असते. टेबलावर बसता बसता सांग, "आधी दोन इडल्या आणा, बाकीचं नंतर सांगते." पाच मिनिटांत मुलाच्या तोंडात घास जातो आणि मग तू शांतपणे मेन्यूकार्ड बघू शकतेस. उजेड भरपूर, टेबलं पुसली की स्वच्छ, आणि स्टीलच्या भांड्यांचा, ऑर्डरींचा एवढा गलका की तुझ्या बाळाचं रडणं तिसऱ्या टेबलापर्यंत पोचतसुद्धा नाही. फिल्टर कॉफीच्या पेल्याखाली ती पसरट वाटी येते ना, तसली एक रिकामी मागून घे. त्यात इडली कुस्करली की लगेच निवते, आणि पडली तरी फुटत नाही.

मुंबईत असशील तर माटुंग्याला जा. तिथे अशा हॉटेलांची रेलचेल आहे. फक्त रविवारी सकाळी कॅफे मद्रासबाहेर रांग लागते, तेव्हा कडेवर मूल घेऊन जाऊ नकोस; आठवड्यातला मधला दिवस बघ. माटुंगा स्टेशनजवळ रामा नायकांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे, १९४२ पासूनचं. केळीच्या पानावर भात, सांबार, रसम. मुलांना ते पान फार आवडतं. पण ते पहिल्या मजल्यावर आहे, म्हणून बाबागाडी घरी ठेव. मराठी जेवण हवं असेल तर दादरला शिवसेना भवनासमोर आस्वाद आहे. तिथेही सुट्टीच्या दिवशी भर जेवणाच्या वेळी ताटकळावं लागतं. पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात असशील तर थाळीची खानावळ बघ. बसल्या बसल्या वाढायला सुरुवात होते, आणि वरण-भात-तूप मागितलं तर कुणी नाही म्हणत नाही. गावाकडच्या रस्त्यांवर अजून 'फॅमिली रूमची सोय आहे' अशा पाट्या दिसतात बघ. आडोसा असलेली ती छोटी खोली तान्ह्या बाळाच्या आईला अजूनही सोयीची पडते.

अंगावर पाजायचं असेल तर मोठ्या हॉटेलातही संकोच करू नकोस. कोपऱ्यातली, भिंतीकडे तोंड करून बसता येईल अशी खुर्ची घे आणि सुती ओढणी जवळ ठेव. मी पहिल्या वेळी घाबरून टॉयलेटमध्ये जाऊन पाजलं होतं. तो वास, ती ओल. तू तसं मुळीच करू नकोस.

आता खाण्यातलं जरा नीट ऐक, कारण इथे आपण गाफील राहतो. पोंगल मऊ असतं म्हणून आपण निर्धास्त भरवतो, पण त्यात अख्खी मिरी आणि काजू असतात. उपम्याच्या फोडणीत हरभऱ्याची डाळ आणि कढीपत्ता असतो. मेदूवड्यातही कधी कधी मिरी निघते. घास बोटांनी चाचपून मगच दे. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, पॉपकॉर्न आणि सबंध द्राक्षं पाच वर्षांच्या आत देऊच नयेत, ती श्वासनलिकेत अडकतात. साबुदाण्याच्या खिचडीतला कूट जाडसर असेल तर तीही बाजूला ठेव. सांबार चाखून बघ, तिखट असेल तर दहीभात माग. पाणी घरचंच उकळलेलं. वर्षाच्या आतलं, पण वरचं खाणं सुरू झालेलं बाळ असेल तर डब्यात मऊ वरण-भात घेऊन जा. डबा गरम पाण्यात ठेवायला मोठं भांडं मागितलंस की वेटरकाका आणून देतात. आणि हो, मॉलमध्ये किंवा लग्नात ती तोंडातून धूर येणारी बिस्किटं मिळतात ना, ती मुलांना अजिबात नको. त्यात द्रव नायट्रोजन वापरतात, त्याने तोंड आणि अन्ननलिका भाजू शकते.

वेळ मात्र पाळायचीच. दुपारी साडेअकरा, संध्याकाळी साडेसहा-सात. मुलाची भूक सुरू व्हायच्या जरा आधी पोचायचं, भूक लागल्यावर घरातून निघायचं नाही. बऱ्याच हॉटेलांत दुपारी तीननंतर जेवण बंद असतं, म्हणून फोन करूनच निघ. फोनवरच विचार: लहान मुलांची खुर्ची आहे का, आणि तिचा पट्टा धड आहे का. पट्टा तुटलेला असेल तर मांडीच बरी. पोचल्यावर ऑर्डर देण्याआधी एकाने टॉयलेट बघून यायचं. लंगोट बदलायची सोय बहुतेक ठिकाणी नसते, म्हणून जुनं दुपटं आणि एक रबरी चटई पिशवीत ठेव. आम्ही तर कितीदा गाडीच्या मागच्या सीटवर काम भागवलंय. बसताना स्वयंपाकघराच्या दाराजवळची आणि वेटरांच्या वाटेवरची खुर्ची घेऊ नकोस. डोक्यावरून उकळतं सांबार जात असतं गं. भिंतीकडची किंवा खिडकीजवळची जागा बघ. रस्त्यावरच्या बसगाड्या मोजण्यात पंधरा मिनिटं सहज जातात.

मोबाइलचं विचारशील, म्हणून सांगते. आल्याबरोबर देऊ नकोस, मग मूल काय खातंय ते त्यालाच कळत नाही. त्याचं खाऊन झालं, तुझं ताट अर्धं राहिलंय आणि कुरकुर सुरू झाली, अशा वेळी दहा मिनिटं दिलास तर बिघडत नाही. तेव्हा मनाला टोचणी लावून घेऊ नकोस.

सांडेल. नक्की सांडेल. मोठे तुकडे आपण उचलायचे आणि बाकीच्यासाठी फडकं मारणाऱ्या मुलाला हाक मारायची. बिलात सर्व्हिस चार्ज लावलेला दिसला तर तो काढायला सांग. तो ऐच्छिक असतो. २०२२ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने हॉटेलांना तो आपणहून लावू नका असं बजावलंय. मात्र तेवढेच पैसे त्या फडकंवाल्या मुलाच्या हातात ठेव. खरी मदत त्याची झालेली असते.

आणि बघणाऱ्यांचं म्हणशील, तर निम्म्या माणसांनी घरी हेच रडणं-सांडणं निस्तरलेलं असतं. माटुंग्याला एकदा माझी मुलगी टेबलाखाली जाऊन बसली होती, काही केल्या बाहेर येईना. शेजारच्या आजींनी आपल्या ताटलीतला डोशाचा कुरकुरीत तुकडा खाली धरला आणि ती निमूट वर आली. त्या आजी कोण होत्या ते मला आजही माहीत नाही.

तर या शनिवारी साडेअकराला निघ. घराजवळचंच उडुपी, दूरचं नको. मुलाला इडली, नवऱ्याला मूल सांभाळायचं काम, आणि तुझा मसाला डोसा आला की त्या क्षणी तुटून पड, गरम आहे तोवर. पहिली वीस मिनिटं मूल त्याच्याकडे, हे घरून निघतानाच ठरवून टाक.