प्राध्यापकांच्या ऑनलाइन व्याख्यान-टिपणांचा संदर्भ कसा द्यावा?

कृषी विद्यापीठांतील प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांसाठी संकेतस्थळावर ठेवलेली व्याख्यान-टिपणे व स्लाइड्स आता विस्तार कार्यकर्त्यांच्या घडीपत्रिकांत सर्रास वापरली जातात. त्यात गैर काही नाही. मात्र ‘इंटरनेटवरून साभार’ हा संदर्भ नव्हे.

प्राध्यापकांचे नाव, टिपणाचे वर्ष, व्याख्यानाचे शीर्षक, अभ्यासक्रमाचा क्रमांक, विद्यापीठ, दुवा आणि आपण ते पाहिल्याची तारीख एवढे तरी लिहावे. शेवटची बाब अनेकांना अनावश्यक वाटते. परंतु पुस्तकाची आवृत्ती बदलली तर कळते, स्लाइड त्याच दुव्यावर निमूटपणे बदलते. वर्ष दिलेले नसल्यास ‘वर्ष नमूद नाही’ असे लिहावे, अंदाजाने घालू नये.

वर्षाला एवढे महत्त्व का, हे भातावरून समजते. छत्तीसगड असो वा गोंदिया-भंडारा, खोडकिडा व गादमाशीवरील जुन्या टिपणांत दाणेदार फोरेट हमखास आढळते. केंद्र शासनाच्या ८ ऑगस्ट २०१८ च्या आदेशाने मिथाईल पॅराथिऑन, कार्बारिल, डायझिनॉन यांसह १२ कीडनाशकांवर बंदी आली. फोरेट, ट्रायझोफॉस, डायक्लोरव्हॉस आदी ६ कीडनाशकांचा वापर ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झाला. त्यापूर्वीचे टिपण त्या काळी चूक नव्हते. आज ते वर्षाविना उद्धृत केल्यास शेतकऱ्याच्या हाती बंदी असलेल्या औषधाची शिफारस पडते. याउलट, मक्यावरील अमेरिकन लष्करी अळी भारतात प्रथम २०१८ मध्ये कर्नाटकात नोंदली गेली. त्याआधीच्या भारतीय टिपणांत मक्याच्या किडींमध्ये ती सापडणार नाही.

म्हणून किडीची ओळख, जीवनक्रम व नुकसानीचा प्रकार यांसाठी टिपण जरूर उद्धृत करावे. औषधाची मात्रा मात्र केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समितीच्या मंजूर वापरांच्या यादीतून व लेबलवरूनच घ्यावी. आर्थिक नुकसान पातळीचे तक्तेही बहुधा एखाद्या ग्रंथातून घेतलेले असतात. मूळ ग्रंथ पाहून त्याचाच संदर्भ द्यावा. पाहता आला नाही, तर ‘अमुक यांच्या टिपणात उद्धृत’ असे प्रांजळपणे लिहावे.

पासवर्ड लागणाऱ्या वर्गातील साहित्य वाचकाला उघडता येत नाही. त्याची नोंद प्राध्यापकांच्या संमतीने ‘वैयक्तिक संपर्क’ म्हणून तारखेसह करावी. छायाचित्रांचे वेगळेच: श्रेय दिल्याने छापण्याची परवानगी मिळत नाही, ती ई-मेलने मागावी लागते. प्राध्यापक सहसा नकार देत नाहीत. पुष्कळदा टिपणाची सुधारित प्रतही सोबत पाठवतात.