साखळी आखूड घे, पण खरी घे

उज्जैन

चि. बाळास,


मांडव्याला ठेवलेल्या तुझ्या वीस फुटी शिडाच्या होडीसाठी नांगराची साखळी इंदूरच्या सियागंजातून किलोच्या भावाने घेऊन पाठवावी, असं तू लिहिलं आहेस. आणायला अडचण काहीच नाही, इंदूर इथून तास-दीड तासावर आहे. पण किलोवर मिळणारी साखळी बहुधा गोदामाच्या फाटकासाठी किंवा ट्रकमधला माल आवळण्यासाठी केलेली असते. इथल्या रामघाटावरच्या नावा गोड्या, संथ पाण्यात काठाला बांधलेल्या असतात. त्यांना ती वर्षानुवर्षं पुरेल. तुझी होडी मात्र खाऱ्या पाण्यात, भरती-ओहोटीच्या ओढीत, आठवडाभर एकटी उभी राहणार आहे. तुझा हात सध्या आखडता आहे हे मी जाणतो, म्हणून काटकसर करू नकोस असं मी म्हणणार नाही. काटकसर लांबीत कर, जाडीत कर. दर्जात करू नकोस, एवढंच माझं म्हणणं आहे. ते का, ते नीट समजून घे.

सहा मिलिमीटर सळीच्या आखूड कड्यांच्या साखळीत एका मीटरला सुमारे पंचावन्न कड्या बसतात, म्हणजे दहा मीटरमध्ये साडेपाचशे. प्रत्येक कडी सळी वाकवून, तोंडाला तोंड लावून वेल्ड केलेली असते. साडेपाचशे वेल्डांपैकी एक कच्चा निघाला तर उरलेल्या सगळ्यांची ताकद तुझ्या कामाची नाही. दोरात एक पेड तुटला तर बाकीचे काही काळ तग धरतात. साखळीत भार वाटून घ्यायला शेजारी कुणी नसतं. म्हणून साखळीचा एक तुकडा तोडून पाहणं पुरेसं होत नाही, सबंध साखळी ठरावीक भाराने ओढून पाहावी लागते. चांगले कारखाने मोडण्याच्या भाराच्या साधारण निम्म्या भाराने ती ओढतात आणि तसा दाखला देतात. ब्रिटनच्या पार्लमेंटने 1864 साली जहाजांच्या साखळ्या आणि नांगर यांची चाचणी आणि विक्री यांसाठी स्वतंत्र कायदा केला, तो याच कारणाने. वेल्डचा आतला दोष डोळ्यांना दिसत नाही, तो ताण दिल्यावरच उघड होतो. स्वस्त साखळीत वाचलेला पैसा बहुतेकदा याच चाचणीचा असतो.

आता हिशेब पाहू. तुझ्याएवढ्या होडीवर तीस नॉट, म्हणजे ताशी पंचावन्न किलोमीटर वाऱ्यात, नांगरावर साधारण एकशे साठ किलोची ओढ येते असं धरतात. बेचाळीस नॉटला ती सव्वातीनशेच्या घरात जाते. ग्रेड 30 ची सहा मिलिमीटर साखळी सुमारे एक हजार सातशे किलोला तुटते. म्हणजे वादळी ओढीच्या पाचपट ताकद तिच्यात आहे, अर्थात वेल्ड खरे असतील तर. मग तुझा आठ मिलिमीटरच्या साखळीचा हट्ट कशाला? ‘जाड घेतली की दर्जाची काळजी नको’ हा विचार चुकीचा आहे. जाड साखळीतला कच्चा वेल्डही कच्चाच.

लांबीचंही तसंच. मुंबई बंदराच्या परिसरात उधाणाची भरती साडेचार-पाच मीटर चढते. ओहोटीला तीन मीटर पाणी असेल तर भरतीला आठ, आणि नाळेची उंची धरून नऊ. खोलीच्या सातपट सोडायचं म्हटलं तर साठेक मीटर झाले. एवढी सगळी आठ मिलिमीटरची साखळी घेतलीस तर दर मीटरला एक किलो चारशे ग्रॅम या हिशेबाने चौऱ्याऐंशी किलो लोखंड नाळेत बसेल आणि होडी नाकावर झुकेल. त्याऐवजी नांगराशी दहा मीटर सहा मिलिमीटरची साखळी आणि पुढे पन्नास मीटर नायलॉनचा बारा मिलिमीटर दोर घे. ही गरिबीतली तडजोड नव्हे. तळाच्या खडकावर घासणं सोसायचं आणि नांगराची दांडी खाली दाबून ठेवायची, ही साखळीची खरी कामं, आणि ती तळाजवळच्या काही मीटरमध्येच असतात. जोराच्या वाऱ्यात साखळी ताठ होते, तेव्हा लाटेचा हिसका खातो तो नायलॉनचा ताण. दुकानदार स्वस्त पॉलिप्रॉपिलिनचा (पीपीचा) दोर पुढे करील. तो पाण्यावर तरंगतो आणि उन्हाने लवकर खराब होतो, तो घेऊ नकोस.

तू म्हणशील, कोळी बांधव तर नुसत्या दोरावर होड्या नांगरतात. त्यांच्या अनुभवापुढे मी बोलावं असं काही नाही. पण त्यांचा दोर रोज हाताखालून जातो, झिजला की लगेच कळतो. तुझा दोर शनिवारपर्यंत कुणी पाहणार नाही.

तुझा दुसरा प्रश्न अलंग किंवा मुंबईच्या दारुखान्यातून मोडलेल्या जहाजांची जुनी साखळी घेण्याचा, आणि तो जास्त विचार करण्यासारखा आहे. 1983 पासून अलंगच्या किनाऱ्यावर जहाजं मोडली जातात आणि जहाजाची साखळी कधीकाळी चाचणी होऊन आलेली असते, हे खरं. पण जहाजाच्या नांगराच्या साखळीत कडीच्या मध्ये आडवी खुंटी असते आणि ती तुझ्या होडीला पेलणार नाही इतकी जड असते. तिथे जी बारीक साखळी मिळते ती बरेचदा डेकवरचा माल आवळायची, जास्त कठीण पोलादाची असते. तिने काय काय सोसलं ते कुणी सांगू शकत नाही. तिच्यावर नव्याने जस्त चढवायचं तर आधी ॲसिडात बुडवावी लागते, आणि त्यात कठीण पोलाद ठिसूळ होण्याचा धोका असतो. साध्या पोलादाची जुनी साखळी मिळाली तर कॅलिपरने कड्या जिथे एकमेकींवर घासतात तिथे माप. सहाची जागा पाच पूर्णांक चारवर आली असेल तर सळीचं क्षेत्रफळ जवळजवळ एक पंचमांशाने घटलेलं असतं, सोडून दे.

स्टेनलेसच्या मोहात पडू नकोस. कित्येक पट पैसे देऊनही, चिखलात रुतलेल्या, प्राणवायू न मिळणाऱ्या भागात त्याला आतून गंज लागतो. तुला हवी ती वितळलेल्या जस्तात बुडवलेली साखळी, फिकट राखाडी आणि किंचित खरखरीत. चकचकीत, गुळगुळीत दिसते तिच्यावर विजेने चढवलेला जस्ताचा पातळ थर असतो, तो खाऱ्या पाण्यात फार काळ राहत नाही.

म्हणून सियागंजाचा विचार सोड, मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर जा. भाव किलोचा सांगितला तर मीटरमध्ये करून घे, सहा मिलिमीटरची एक मीटर साखळी सुमारे आठशे ग्रॅम भरायला हवी. ग्रेड आणि चाचणीचा भार लिहिलेला दाखला माग. नाही म्हणाले तर पुढच्या दुकानात जा. वाचलेल्या पैशातून सुरक्षित भार कोरलेली चांगली शॅकल घे आणि तिची पिन तारेने बांध. पावसाळ्यानंतर दरवर्षी साखळी उलटी फिरव, म्हणजे नांगराकडचं टोक दोराकडे येईल आणि झीज वाटली जाईल. दाखल्याचा फोटो मला पाठव, पैसे देण्याआधी.

तुझा,
मामा