बेटाचे वर्णन : 'निर्जन' या शब्दाविषयी

अलिबागजवळच्या खांदेरी बेटाचे वर्णन करताना कडेगावचा प्रवासी सहज 'निर्जन' असे लिहील. कारण तेथे गाव नाही, बाजार नाही. परंतु कोळी बांधव तेथील वेताळाच्या दर्शनास होडीने जातात. ज्यांचा देव तेथे आहे, त्यांच्या लेखी ते बेट निर्जन कसे? वस्ती नसणे आणि माणसाचा संबंध नसणे यांत भेद आहे. तो राखण्यासाठी 'वस्ती नसलेले बेट' असे म्हणावे. वाळूच्या किनाऱ्यालाही कोकणात 'पुळण' म्हणतात. देशावर नदीकाठची वाळू म्हणजे 'वाळवंट'. स्थानिक शब्द आधी ऐकावा, मग लिहावे.

स्वाध्याय : बहे येथील कृष्णेच्या पात्रातील रामलिंग बेटाचे वर्णन 'निर्जन' व 'रम्य' ही विशेषणे टाळून करा.