घटक ४ : मनाची पूर्वतयारी – मराठी ख्रिस्ती आत्मकथनांतील श्रद्धा आणि सेवा

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला –
• ‘मनाची तयारी’ ही संकल्पना संतपरंपरा व ख्रिस्ती परंपरा या दोन्हींच्या संदर्भात स्पष्ट करता येईल.
• बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई व ना. वा. टिळक यांच्या श्रद्धाप्रवासांतील फरक सांगता येईल.
• ‘स्मृतिचित्रे’मधील लक्ष्मीबाई टिळकांच्या मनःपरिवर्तनाचे टप्पे विशद करता येतील.
• धर्मांतराच्या कथनाकडे अभ्यासक म्हणून कसे पाहावे, याविषयी स्वतःचे मत मांडता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण आत्मचरित्र या वाङ्मयप्रकाराचे स्वरूप पाहिले. प्रस्तुत घटकात एकोणिसाव्या व विसाव्या शतकांतील मराठी ख्रिस्ती लेखकांच्या आत्मकथनांचा विचार करावयाचा आहे. या लेखनाकडे पाहताना सर्वसाधारण वाचकाचे लक्ष एकाच घटनेवर खिळते, ती म्हणजे बाप्तिस्मा. तो कोणत्या दिवशी झाला, कोठे झाला, घरच्यांनी काय केले, एवढ्या माहितीवर कुतूहल शमते. वास्तविक ही आत्मकथने लक्षपूर्वक वाचली असता बाप्तिस्म्याचा दिवस त्यांत फार थोडी जागा व्यापतो, असे दिसून येते. त्या दिवसापूर्वीची वर्षे आणि त्यानंतरची वर्षे हाच या लेखनाचा खरा विषय होय. मन एखाद्या श्रद्धेसाठी आणि त्या श्रद्धेतून येणाऱ्या सेवेसाठी कसे घडत जाते, हे या लेखकांनी आपापल्या परीने सांगितले आहे.

या अभ्यासाला स्थानिक संदर्भही आहे. चर्च मिशनरी सोसायटीचे काम नाशिक येथे १८३२ मध्ये सुरू झाले. ना. वा. टिळकांच्या शिक्षणाचा काही काळ नाशकात गेला आणि लक्ष्मीबाईंचे माहेर नाशिकजवळच्या जलालपूरचे. म्हणजे ज्या जीवनाविषयी आपण वाचणार आहोत त्याचा आरंभ आपल्याच जिल्ह्यात, गोदावरीच्या काठी झालेला आहे.

४.२ ‘मनाची तयारी’ : संकल्पना

मराठी वाचकाला ही कल्पना अपरिचित नाही. अनुताप, विवेक, चित्तशुद्धी हे शब्द संतवाङ्मयात पदोपदी येतात. तुकारामांच्या आत्मपर अभंगांत दुष्काळ, पत्नीचा मृत्यू, व्यापारातील नुकसान व लोकलज्जा यांचा उल्लेख येतो. या आघातांनी मनाची मशागत झाली आणि मग त्यात भक्तीचे बीज रुजले, असा त्या कथनाचा क्रम आहे.

ख्रिस्ती परंपरेतही असाच एक क्रम आढळतो. नव्या करारातील रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात प्रथम मनाच्या नूतनीकरणाविषयी सांगितले आहे आणि त्यानंतर शिकविणे, दानधर्म, दुःखितांवर दया अशा निरनिराळ्या सेवांचा निर्देश केला आहे. पेत्राच्या पहिल्या पत्रात मनाची कंबर बांधण्याची प्रतिमा येते. लांब पायघोळ वस्त्र घालणारा माणूस कामाला लागण्यापूर्वी ते कमरेशी आवळून घेई, त्यावरून ही प्रतिमा आली. आपणही ‘कंबर कसणे’ हा वाक्प्रचार याच अर्थाने वापरतो. या प्रतिमेत एक सूचना दडलेली आहे : मनाची तयारी ही स्वस्थ बसून अनुभवण्याची अवस्था नसून ती कामासाठी करावयाची तयारी आहे.

तथापि प्रत्यक्ष जीवनात ‘आधी मन, मग सेवा’ हा क्रम नेहमीच टिकत नाही. कोणाच्या बाबतीत विचार आधी येतो, तर कोणाच्या बाबतीत दुसऱ्याची सेवा पाहून किंवा स्वतः करून मन तयार होते. पुढील उदाहरणे अभ्यासताना हा मुद्दा ध्यानात ठेवावा.

४.३ तीन वाटा

(अ) बाबा पदमनजी : वादातून निश्चयाकडे

बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांचे ‘अरुणोदय’ (१८८४) हे मराठीतील आरंभीच्या आत्मचरित्रांपैकी एक होय. बेळगावात जन्मलेल्या बाबांचे शिक्षण मिशनरी शाळांतून झाले. परमहंस सभेसारख्या सुधारणावादी मंडळींशीही त्यांचा संबंध आला. त्यांच्या मनाची तयारी मुख्यतः वाचन, तुलना व वादविवाद यांतून झाली. मात्र बुद्धीला पटलेली गोष्ट आचरणात आणण्यास मन कचरत होते. आप्तांचा वियोग व लोकनिंदा यांचे भय मोठे होते. १८५४ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘अरुणोदय’ या नावातच हळूहळू फाकणाऱ्या प्रकाशाची कल्पना आहे. एका क्षणात अंधार नाहीसा झाला, असा लेखकाचा दावा नाही. पुढे त्यांची सेवा लेखणीच्या रूपाने प्रकट झाली. विधवांच्या दुःस्थितीवरील ‘यमुनापर्यटन’ (१८५७) ही त्यांची कादंबरी आपण अन्यत्र अभ्यासली आहेच.

(आ) पंडिता रमाबाई : सेवा पाहून श्रद्धा

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांची वाट याहून वेगळी आहे. संस्कृत ग्रंथांच्या अध्ययनात वाढलेल्या या विदुषीने दुष्काळात आईवडील गमावले होते. १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्यावर वाँटेज येथील भगिनींच्या सहवासात त्या राहिल्या. लंडनमधील फुलम येथे समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी या भगिनी जे काम करीत, ते त्यांनी पाहिले. अशा स्त्रियांना दयेने वागविणारा धर्म कोणता, हा प्रश्न तेथे त्यांच्या मनात उभा राहिला. येशू आणि शोमरोनी स्त्री यांच्या संवादाने त्यांना विशेष प्रभावित केले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला.

रमाबाईंनी पुढे केलेले निवेदन अधिक महत्त्वाचे आहे. बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षांनी, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त गवसला नव्हता, अशी जाणीव झाल्याचे त्या सांगतात. म्हणजे मनाची तयारी विधीने संपली नाही. ती विधीनंतरही चालू राहिली. शारदा सदन (१८८९) आणि पुढे दुष्काळपीडित स्त्रिया व मुलींना आश्रय देणारे केडगावचे मुक्ती सदन ही या तयारीची फळे आहेत.

(इ) नारायण वामन टिळक : शोधातून समर्पणाकडे

टिळक (१८६१–१९१९) हे स्वभावाने शोधक. जातिभेद व मूर्तिपूजा नसलेल्या एका नव्या धर्माची कल्पना ते आधीपासूनच मनाशी करीत होते. नागपूरहून राजनांदगावकडे रेल्वेने जात असता एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार भेट दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचन वाचून ते भारावले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

टिळकांची मनोभूमी मात्र संतांच्या अभंगांनी आधीच नांगरलेली होती. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशा आशयाचे त्यांचे उद्गार प्रसिद्ध आहेत. म्हणूनच त्यांनी ख्रिस्तभक्तीसाठी परकी भाषा वापरली नाही. अभंग, ओवी व कीर्तन हीच साधने स्वीकारली. १९१७ मध्ये साताऱ्यास त्यांनी ‘देवाचा दरबार’ ही कल्पना मांडली. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त तीत सामावले जावेत, अशी त्यांची इच्छा होती.

४.४ लक्ष्मीबाई टिळक : स्वयंपाकघरात घडलेले परिवर्तन

वरील तिन्ही व्यक्ती ग्रंथ वाचणाऱ्या व वाद करू शकणाऱ्या होत्या. लक्ष्मीबाईंना (१८६८–१९३६) शालेय शिक्षण लाभले नव्हते. म्हणूनच त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’मधील कथन आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे आहे.

या ग्रंथाचा आरंभ त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याने होतो. त्या घरात बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू धुऊन घेतली जाई. स्पर्शाच्या भयाने सारे घर ग्रासलेले होते. लक्ष्मीबाई हे सर्व विनोदाने सांगतात. परंतु हा विनोद निरर्थक नाही. स्पर्शाचे भय मनात किती खोल रुजलेले होते हे वाचकाला आधी कळले, तरच पुढे ते उपटताना झालेले कष्ट त्याला कळतील.

पतीच्या बाप्तिस्म्याची वार्ता त्यांच्यावर वज्राघातासारखी कोसळली. पदरी लहान मुलगा होता. सुमारे पाच वर्षे पतिपत्नी एकमेकांपासून दूर राहिली. त्यानंतर त्या अहमदनगर भागात टिळकांकडे आल्या, त्या धर्म बदलण्यासाठी नव्हे. त्यांनी आपले सोवळे, आपली चूल, आपले पाणी वेगळे ठेवले आणि टिळकांनीही त्यांच्यावर सक्ती केली नाही. एकाच संसारात दोन आचार नांदू लागले.

परिवर्तन घडले ते याच वेगळ्या पाण्यापाशी. अमुक माणसाच्या हातचे पाणी चालते आणि तमुकाच्या हातचे चालत नाही, हा भेद देवाने केला की माणसाने, असा प्रश्न त्यांना पडला. त्याचे उत्तर त्यांनी कोणत्याही ग्रंथात शोधले नाही, तर स्वतःच्या विचाराने काढले. भेद माणसाचा आहे असे पटताच त्यांनी तो सोडला. हे घडले तेव्हा त्यांनी बाप्तिस्मा घेतलेला नव्हता. तो पुढे १९०० मध्ये झाला. आधी माणसाविषयीचा दुरावा गेला, नंतर श्रद्धा आली, हा क्रम नीट ध्यानात घ्यावा.

यानंतरची सेवा ही त्या बदललेल्या मनाची कसोटी ठरली. दुष्काळात पोरकी झालेली मुले टिळकांच्या घरी आली. प्लेगच्या काळात लक्ष्मीबाई रुग्णांच्या सेवेत उतरल्या. जिच्या माहेरी बाजारातली वस्तू धुतल्यावाचून घरात येत नसे, तीच स्त्री आता प्लेगच्या रोग्याला हात लावत होती. त्यांच्या घराचे दार बाप्तिस्मा न घेणाऱ्यांनाही उघडे होते. कवी बालकवी ठोंबरे यांच्यावर त्यांनी पुत्रवत माया केली, हे सर्वश्रुत आहे. टिळकांच्या मृत्यूनंतर त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पूर्ण करण्याचे कामही त्यांनीच हाती घेतले.

४.५ तयारीची किंमत

येथे एक कठीण प्रश्न उपस्थित होतो. टिळकांच्या मनाची तयारी झाली होती. लक्ष्मीबाईंची झाली नव्हती. एकाच्या निश्चयाची झळ दुसऱ्याला सोसावी लागली. बाबा पदमनजींच्या संसारातही ताटातूट झाली. स्वतःच्या सदसद्विवेकाशी प्रामाणिक राहणे श्रेष्ठ, की ज्यांचे जीवन आपल्याशी बांधलेले आहे त्यांच्यासाठी थांबणे श्रेष्ठ?

‘स्मृतिचित्रे’ या प्रश्नाचे सोपे उत्तर देत नाहीत. लक्ष्मीबाई पतीला दोष देत बसत नाहीत, परंतु आपले हालही लपवीत नाहीत. टिळकांचा विसराळूपणा, उतावळेपणा आणि त्यांचे थोर मन त्या एकाच सुरात सांगतात. त्यांच्या लेखनाचे बळ या सत्यनिष्ठेत आहे. सेवेसाठी सज्ज होऊ पाहणाऱ्याने दूरच्या माणसाचा विचार करताना जवळच्या माणसाचाही विचार केला पाहिजे, हा बोध त्यातून वाचकाने स्वतः काढावयाचा आहे.

४.६ वाचकाच्या मनाची तयारी

अशी कथने वाचताना वाचकाचे मनही तयार असावे लागते. काही वाचक धर्मांतराकडे केवळ विजय म्हणून पाहतात, तर काही केवळ फसवणूक म्हणून. दोन्ही दृष्टींत त्या माणसाची वर्षानुवर्षांची तळमळ हरवते.

मालेगावचे उदाहरण घ्या. मोसम नदीकाठचे हे शहर यंत्रमागांसाठी ओळखले जाते. १८५७ नंतर उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या विणकर कुटुंबांनी येथील वस्त्रव्यवसायाला आकार दिला. मराठी, उर्दू व अहिराणी या भाषा येथे नित्य कानी पडतात. येथील विद्यार्थ्याला परधर्मीय शेजारी पुस्तकात शोधावा लागत नाही. तो बाजारात, बसमध्ये, कारखान्यात रोज भेटतो. तरीही त्याच्या श्रद्धेची घडण कशी झाली, तिच्यासाठी त्याने काय सोसले, हे आपण क्वचितच विचारतो. दुसऱ्याची श्रद्धा न स्वीकारताही ती समजून घेता येते. लक्ष्मीबाईंनी पाण्याविषयी जो प्रश्न स्वतःला विचारला, तो कोणत्याही धर्माच्या वाचकाने स्वतःला विचारावा, असाच आहे.

४.७ सारांश

मराठी ख्रिस्ती आत्मकथनांत श्रद्धा ही दीर्घ पूर्वतयारीचे फळ म्हणून येते. बाबा पदमनजींची तयारी विचारमंथनातून, रमाबाईंची सेवेच्या दर्शनातून, टिळकांची संतवाङ्मयाच्या संस्कारातून, तर लक्ष्मीबाईंची रोजच्या व्यवहारातील एका प्रश्नातून झाली. बाप्तिस्मा हा या प्रवासातील एक टप्पा आहे, शेवट नव्हे. मन खरोखर तयार झाले की नाही, याची पारख ते कोणाला जवळ घेऊ शकते, यावरून होते.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. ‘मनाची कंबर बांधणे’ या प्रतिमेतून श्रद्धा व सेवा यांचा कोणता संबंध सूचित होतो?
२. रमाबाई व लक्ष्मीबाई यांच्या श्रद्धाप्रवासांतील साम्य व भेद सोदाहरण लिहा.
३. “‘स्मृतिचित्रे’मधील सोवळ्याची वर्णने केवळ विनोदासाठी नाहीत.” या विधानाची चर्चा करा.
४. टिळकांच्या निर्णयाचे मूल्यमापन (अ) टिळकांच्या व (आ) लक्ष्मीबाईंच्या दृष्टिकोनातून प्रत्येकी दहा ओळींत करा.

उपक्रम

आपल्या गावातील वा मोहल्ल्यातील, आपल्याहून भिन्न धर्माच्या एखाद्या सेवाभावी व्यक्तीची तिच्या संमतीने मुलाखत घ्या. या कामासाठी तिचे मन कसे तयार झाले, एवढाच प्रश्न मध्यवर्ती ठेवा. उत्तरे शक्यतो तिच्याच शब्दांत टिपून घ्या, त्यांवर अभिप्राय देऊ नका आणि दोन पृष्ठांचे टिपण संपर्कसत्राच्या वेळी वाचून दाखवा.